भंगार म्हणण्यापूर्वी

प्रत्येक शाळेच्या दप्तरात एक जाडजूड वही असते. तिला ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणतात. बाके, कपाटे, पितळी घंटा, भिंतीवरचे नकाशे, प्रयोगशाळेतला सापळा हे सगळे त्या वहीत नांदते. खडू संपतो, शाई संपते. बाक संपत नाही, म्हणून तो ‘डेडस्टॉक’. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, टिकाऊ मालमत्ता. पण आपल्या संस्थाचालकांनी आणि आम्हा मुख्याध्यापकांनीही तो शब्द फारच मनावर घेतला आहे. वस्तू त्या वहीत चढली, की ती मेलेली आहे असे धरून चालायचे आणि दहा-वीस वर्षांनी तिचे निर्लेखन करून अंत्यसंस्कार उरकायचा, अशी आपली रीत.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या शाळेतही अशी यादी निघाली. मोडके बाक, गंजलेल्या खुर्च्या, आणि एका ओळीत ‘संगणक, जुना, नादुरुस्त, नग २’. भंगारवाला तराजू घेऊन दारात उभा होता. मी ती एक ओळ यादीतून काढायला सांगितली. तेव्हा आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, “सर, तुम्ही मराठीचे एम.ए. ह्या डबड्याशी तुमचा संबंध काय?”

ते सहज बोलले. माझ्या मनात मात्र तो प्रश्न घर करून बसला. संबंध आहे, आणि तो माझ्यापुरता नाही. आपल्या मुलांना आपण काय शिकवतो आणि काय शिकवायचे टाळतो, ह्याच्याशी तो आहे. तेवढ्यासाठी हा लेख.

आधी त्या डबड्याची ओळख करून देतो. ते बीबीसी मायक्रो ह्या नावाचे घरगुती आणि शालेय संगणक होते. इंग्लंडमध्ये बीबीसीने लोकांना संगणक-साक्षर करण्याची मोहीम हाती घेतली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणले. आपल्या देशात १९८४-८५ साली ‘क्लास’ नावाची शालेय संगणक-साक्षरतेची योजना आली, तीही ह्याच यंत्रावर. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ह्या सरकारी कंपनीने परवाना घेऊन ‘युनिकॉर्न’ नावाने ते इथे बनवलेही. आमच्या शाळेत ही दोन यंत्रे योजनेतून आली नव्हती, एका हितचिंतकाने दिली होती. माझ्या पिढीला त्या काळची संगणक-खोली आठवत असेल. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना जाड पडदे, यंत्रावर प्लास्टिकचे आवरण आणि किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. देवघरात तरी मुलांना प्रवेश असतो. ह्या खोलीत तोही नव्हता. यंत्र शाळेत आले; बिघडले तर काय करायचे हे कोणाला शिकवण्याची तजवीज मात्र कुठे दिसली नाही. ते एक दिवस बंद पडले आणि आवरणाखाली तसेच राहिले.

गंमत अशी, की ज्यांनी ते बनवले त्यांना ते उघडले जावे असेच वाटत होते. त्याच्या झाकणाच्या स्क्रूंजवळ ‘फिक्स’ अशी खूण असते, ते चार काढले की झाकण निघते. आतल्या महत्त्वाच्या चिप्सपैकी बऱ्याच सॉकेटमध्ये बसवलेल्या, बोटांनी काढता-घालता येणाऱ्या. सोबतच्या जाड पुस्तकाच्या शेवटी मुख्य बोर्डाचा आराखडा आणि विद्युत-मंडलाची आकृती छापलेली. म्हणजे कंपनी गिऱ्हाइकाला सांगत होती, हे तुझे आहे, आत काय आहे ते बघ. आज दोन लाखांचे यंत्र घ्या आणि त्याच्या मंडलाची आकृती मागून बघा. विक्रेता तुमच्याकडे चोराकडे बघावे तसा बघेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. दुकान गेले, पण दुकानदार आहेत. घरी कानडी बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी. मुले त्यांना मामा म्हणतात. त्यांना मी शनिवारी दुपारी शाळेत बोलावले. नववीतली सातजण बसली. मामांनी पहिला नियम घालून दिला, “आधी नाक, मग डोळे, मग मीटर. बटण सगळ्यांत शेवटी.”

हा नियम वरवर साधा आहे. आपण करतो नेमके उलटे. जुने यंत्र सापडले, की पहिल्यांदा प्लग लावतो. ह्या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत मुख्य विजेच्या दोन तारांमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्याचे काम एवढेच, की यंत्रातला विद्युत-गोंगाट बाहेरच्या तारांत जाऊ नये. तो धातू चढवलेल्या कागदाचा, वर पारदर्शक पिवळसर लेप. चाळीस वर्षांत त्या लेपाला भेगा पडतात, भेगांतून दमट हवा आत शिरते, आणि आपल्या बेळगावच्या पावसाळ्याला दमटपणाचे धडे द्यायला नकोत. मग कोणीतरी प्लग लावतो, पाच-दहा मिनिटांत तो कपॅसिटर फुगून फुटतो, खोलीभर दुर्गंधी धूर होतो आणि सगळे बाहेर पळतात. त्या क्षणी यंत्राच्या मृत्यूचा दाखला लिहिला जातो. खरी गोष्ट अशी, की तो भाग जळला तरी पुष्कळदा यंत्र चालूच राहते, कारण गणिताशी त्याचा काही संबंध नाही. सुरक्षिततेसाठी ठरवून दिलेल्या वर्गाचा, त्याच मापाचा नवा कपॅसिटर दोन चहांच्या पैशांत मिळतो. किती चांगली यंत्रे ह्या धुरापायी भंगारात गेली असतील!

आम्ही प्लग लावण्याआधी पेटी उघडली, भेगा पाहिल्या आणि तो भाग बदलला. हे काम मामांनी केले, मुले दोन हात लांब उभी होती. प्लग काढल्यावरही त्या पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ दबा धरून बसलेले असू शकतात. धाडस आणि आडदांडपणा ह्यांतला फरक शिकवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

मग मीटर लावला. पाच व्होल्ट हवेत. पाव व्होल्ट इकडे-तिकडे चालते. मिळाले. आता बटण. यंत्र निरोगी असेल तर आधी एक जाड सूर आणि लगेच एक बारीक ‘पीं’ ऐकू येते. आमच्या यंत्राने जो जाड सूर लावला तो थांबेचना. पडदा काळा. एकजण म्हणाला, “गेलं सर, मेलंय.” त्यावर मागच्या बाकावरची, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याची मुलगी म्हणाली, “मेलंय तर वराडालंय कशाला, सर?”

वाचकहो, पस्तीस मिनिटांच्या तासिकांत मी आयुष्य घालवले. इतका चांगला प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मेलेले ओरडत नाही. ओरडते आहे म्हणजे वीज पोहोचते आहे, आवाजाची चिप जिवंत आहे. मग थांबत का नाही? तर वीज मिळताच ही चिप आपल्या आपण सूर धरते, आणि मुख्य प्रोसेसर जागा झाला की सुरुवातीच्याच कामांत तिला गप्प करतो, मग ‘पीं’ वाजवतो. सूर थांबत नाही ह्याचा अर्थ प्रोसेसर त्या आज्ञेपर्यंत पोहोचलाच नाही. मंडलाच्या आकृतीत बोट ठेवून मुलांनी यादी केली: प्रोसेसर स्वतः, त्याला ताल देणारे घड्याळ, मूळ आज्ञा साठवलेली रॉम चिप आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. सगळ्यांत स्वस्त चाचणी आधी, हा दुसरा नियम. सॉकेटमधल्या चिप्स एकेक करून बाहेर काढल्या. त्यांचे पाय देवघरातल्या चांदीच्या निरांजनासारखे काळवंडले होते. पुसले, दिशा चुकू न देता पुन्हा घट्ट बसवले. बटण दाबले. जाड सूर, लगेच ‘पीं’. खर्च शून्य.

पण पडदा उजळला तेव्हा सगळे गोंधळले. पडदाभर उद्गारचिन्हे! शेकडो. आणि वरच्या ओळीत ‘बीबीसी’ ऐवजी तीन ‘सी’. ‘३२’ च्या जागी ‘३३’. ‘बेसिक’ हा शब्द ‘सी’ने सुरू झालेला. आज्ञेची वाट पाहणारे बाणाचे चिन्ह असायला हवे तिथे प्रश्नचिन्ह.

ह्या क्षणी बाजारातला तंत्रज्ञ काय म्हणतो ते आपल्याला पाठ आहे, “बोर्ड गेलाय.” दोन शब्दांत निदान, उपचार आणि बिल. आम्ही फळ्यावर तक्ता मांडला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. मोकळ्या जागेचा ३२, उद्गारचिन्हाचा ३३. ‘बी’चा ६६, ‘सी’चा ६७. ‘२’ ह्या अंकाचा ५०, ‘३’चा ५१. बाणाचा ६२, प्रश्नचिन्हाचा ६३. पाच मिनिटे शांतता. मग एक मुलगा, जो गणितात कायम काठावर असतो, म्हणाला, “सर, सम आकडा आला की विषम होतोय. विषम आहे तो तसाच ऱ्हातोय.”

झाले! सम-विषम ठरवणारा द्विमान संख्येतला शेवटचा अंक, एककाचा. तो शून्य असायला हवा तिथेही एकच वाचला जातो आहे. ह्या यंत्राची बत्तीस किलोबाइट स्मृती सोळा चिप्समध्ये वाटलेली. आठ खालच्या निम्म्या भागासाठी, आठ वरच्या; आणि प्रत्येक चिप एकेका स्थानाचा अंक सांभाळते. पडद्यावरचा मजकूर वरच्या निम्म्या भागात राहतो. म्हणजे संशय सोळातल्या एकाच चिपेवर येऊन थांबला. पण वकील पुरावा मागतो, तसा मामांनीही मागितला, “पडद्यावर अक्षरं काढणारी चिप वेगळी आहे. चूक तिची नसेल कशावरून?” बरोबर होते. मग आम्ही यंत्राला चित्राच्या पडद्यावर जाण्याची आज्ञा दिली, ‘मोड ४’. टंकताना त्या आज्ञेचे पडद्यावर ‘डी’च्या जागी ‘ई’ आणि ‘४’च्या जागी ‘५’ असे विडंबन उमटले. तरी यंत्राने आज्ञा अचूक पाळली. मेंदूने ऐकले ते बरोबर होते, पाटीवर उमटले ते चूक. आणि चित्राच्या पडद्यावर दर आठव्या ठिपक्याला एक उभी पांढरी रेघ, वहीच्या समासासारखी. ह्या पडद्यावर ती अक्षरांची चिप कामच करत नाही. चूक इथेही आहे, म्हणजे ती स्मृतीचीच.

ती चिप बोर्डाला डाकलेली होती. तिचे सोळा पाय कापून एकेक काढले, भोके साफ केली, सॉकेट बसवले. बदली चिप दुसऱ्या यंत्रातून घेतली. त्याचा बोर्ड छपराच्या गळतीने सडला होता, तो वाचणार नव्हता, पण अवयवदान करून गेला. सोल्डरिंग लोखंडाच्या टोकावर कथील चढवताना एक मुलगी म्हणाली, “आमच्या आजीच्या भांड्यांना कल्हई लावतात तसंच की!” तसेच आहे. कथील तेच, तापवून पुसण्याची रीतही तीच. फरक एवढा, की कल्हईवाला नवसागर वापरतो आणि इथे राळ लागते, कारण नवसागर मागे राहिला तर तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पडद्यावर ‘बीबीसी’ आणि ‘३२’ जागच्या जागी उमटले.

आता आक्षेपांकडे येतो. ते मला तोंडावर ऐकवले गेले आहेत, म्हणून उत्तरही जाहीर देतो.

पहिला आक्षेप, “ह्याचा उपयोग काय? बत्तीस किलोबाइटमध्ये मोबाइलचा एक धड फोटो मावत नाही.” मान्य. पूर्वी बेडूक फाडायचो तेव्हा बेडकाचा तरी उपयोग काय असायचा? मोबाइलमध्ये अब्जावधी स्मृतिस्थाने एका नखाएवढ्या चिपेत असतात, तिथे कुठल्या अंकावर बोट ठेवणार? इथे ठेवता येते. आणि ज्याला उपयोगच मोजायचा आहे त्याने एक गोष्ट ऐकावी. ह्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्यांनी नवा प्रोसेसर आखला. तो १९८५ च्या एप्रिलमध्ये प्रथम चालला तो बीबीसी मायक्रोलाच जोडून, कारण दुसरा प्रोसेसर जोडण्याची वाट त्या यंत्रात मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्याचे नाव ‘आर्म’. तुमच्या खिशातल्या फोनचा मेंदू त्याच कुळातला आहे. भंगारवाल्याच्या तराजूवर मी कोणाचे आजोबा चढू दिले नाहीत, ते कळावे.

दुसरा आक्षेप पालकांचा, “दहावी तोंडावर आहे, ह्यातून मार्क किती मिळणार?” त्या सातजणांचे गुण ह्यामुळे वाढले असा दावा मी करणार नाही, मी तो हिशोब मांडलाच नाही. पण सम-विषम ही दुसरी-तिसरीतली गोष्ट एका बंद यंत्राचे कुलूप उघडते, हे त्या काठावरच्या मुलाने पाहिले आहे. गणित कशाशी खातात हे त्याला पहिल्यांदा कळले. एवढ्यासाठी चार शनिवार गेले तर शाळा बुडत नाही. स्नेहसंमेलनाच्या नाचांना आपण महिना देतो.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे आणि मी तो झटकत नाही. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर मी मुलांना उघडू देत नाही; त्यांत हजारो व्होल्ट असतात. विजेची पेटी मोठ्यांनीच उघडायची. डाक देताना खिडक्या उघड्या, नंतर हात साबणाने धुवायचे, कारण जुन्या डाकात शिसे असते. पण धोका आहे म्हणून विषयच बंद, हा न्याय लावायचा तर विहिरीत पोहणे, सायकल आणि रसायनशास्त्र हे तिन्ही बंद करावे लागतील.

चौथा आक्षेप सूक्ष्म आहे, “सर, तुम्ही जुन्याच्या प्रेमात पडलात.” नाही. जुने ते सारे सोने असे मी मानत नाही. त्याच काळातला कमोडोर ६४ हा परदेशात घरोघरी गेलेला संगणक घ्या. त्याचा वीजपुरवठा बनवणाऱ्यांनी घट्ट लेपात बुडवून बंद केला होता. आतला नियंत्रक थकला, की पाच व्होल्टांच्या जागी जास्त दाब बाहेर पडतो आणि स्मृतीच्या चिप्स जाळतो. उघडताही येत नाही, दुरुस्तही होत नाही. वीट फेकायची आणि नवी आणायची. म्हणजे हा रोग आजचा नाही, १९८२ सालीही होता. माझे भांडण नव्याशी नाही, लेपाशी आहे. आमच्याच शाळेतल्या तीन ३८६ जातीच्या संगणकांच्या बोर्डावरच्या छोट्या बॅटऱ्या फुटून त्यांच्या क्षाराने तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. व्हिनेगरने धुऊन पाहिले, एकही उठला नाही. ते रीतसर ई-कचऱ्यात दिले. मेलेल्याला मेले म्हणायला माझी हरकत नाही. तपासल्याशिवाय म्हणायला आहे.

काही सज्जनांनी चौथ्याच्या उलट सूचना केली, की यंत्र काचेच्या कपाटात ठेवा, पाटी लावा, पाहुण्यांना दाखवा. ही भंगाराचीच शिष्टसंमत आवृत्ती आहे. कपाटात ठेवलेली तलवार आणि कपाटात ठेवलेला संगणक दोन्ही गंजतात.

आता खरा मुद्दा. ज्या भिंतीखाली ही मुले शनिवारी बसत, त्या भिंतीवर एक भले मोठे स्मार्ट पॅनेल आहे. मोठ्या थाटात बसवले, फीत कापली, फोटो छापून आले. दुसऱ्याच वर्षी ते काळे पडले. हमीची मुदत नुकतीच संपलेली. तंत्रज्ञ आला, मागे न बघताच म्हणाला, “बोर्ड गेलाय. नवं घेतलेलं परवडेल.” मी आकृती मागितली, नाही. सुटा भाग मागितला, मिळत नाही. आम्ही उघडून बघू का, म्हटले. तर सील तुटले की कंपनी जबाबदार नाही, म्हणाला. ती आधी कोणत्या जबाबदारीत होती हे मला कळले नाही. ते पॅनेल आजही भिंतीवर काळेच आहे. चाळीस वर्षांचा म्हातारा खाली टेबलावर गणित करतो आणि चार वर्षांचा तरुण भिंतीवर निपचित आहे. ह्यात भंगार कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

आणि ह्यात आपलाही दोष आहे. नव्या खरेदीला निधी मागितला तर देणारे भेटतात. दुरुस्तीसाठी पाचशे रुपये मागितले तर आजवर मला एकही दाता भेटला नाही. खरेदीची फीत कापता येते, दुरुस्तीची कापता येत नाही. सरकारलाही हे थोडे उमगले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. तिने पहिल्यांदा हाती घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. चांगलेच आहे. पण हक्क कागदावर मिळाला आणि स्क्रू काढणारा हातच उरला नाही, तर त्या हक्काचे लोणचे घालायचे काय?

शेवटी आपल्या घरचे बोलतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हापासून आपण इथे भाषेसाठी मोर्चे काढले, सभा घेतल्या, पोरांची नावे शाळेत मराठीत लिहिली जावीत म्हणून भांडलो. त्याची मला लाज नाही, अभिमानच आहे. पण भाषा फक्त व्यासपीठावर जगत नाही. ती जिथे हात काळे होतात तिथेही जगते. डाक, राळ, कथील, कल्हई, झाळ, सांधा हे शब्द त्या मुलांच्या आज्यांकडे आणि फाउंड्रीतल्या बापांकडे होते, आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. यंत्र उघडले तेव्हा ते शब्द बाहेर आले. तंत्रज्ञान मराठीत येत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सीलबंद यंत्र कोणत्याच भाषेत येत नाही. ते इंग्रजीतही येत नाही. ते फक्त बिलाच्या भाषेत येते. आणि एक सांगतो, त्या शनिवारच्या वर्गात मामा अडले की कानडीत पुटपुटत, पुस्तक इंग्रजीत होते आणि भांडण मराठीत. त्यामुळे कोणाची भाषा बुडाली नाही. सम आकडा तिन्ही भाषांत समच होता.

म्हणून शाळाचालकांना, पालकांना आणि माझ्या मुख्याध्यापक बंधुभगिनींना माझे तीनच सांगणे आहे. एक, कोणतेही यंत्र निर्लेखनाच्या यादीत घालण्याआधी ते उघडा, मोजा आणि काय आढळले ते दोन ओळींत लिहून सही करा. “बोर्ड गेलाय” हे निदान स्वीकारू नका. दोन, नवे यंत्र घेताना किमतीआधी विचारा, की ह्याचा सुटा भाग किती वर्षे मिळेल, आकृती कुठे मिळेल आणि आमचा माणूस हे उघडू शकेल का. तीन प्रश्नांना तीन नकार आले, तर फीत कापायला दुसरा पाहुणा शोधा. तीन, आपल्या गल्लीत रेडिओ, घड्याळ, मोटार दुरुस्त करणारा कोणी म्हातारा उरला असेल तर तो जाण्याआधी त्याला शाळेत बोलवा. त्याच्याकडे पदवी विचारू नका. खुर्ची द्या, चहा द्या आणि मुलांना त्याच्याभोवती बसू द्या.

त्या ज्येष्ठ सभासदांना मी नंतर यंत्र दाखवले. त्यांनी आपले नाव टंकले, पडद्यावर बघितले, काही बोलले नाहीत. पुढच्या सभेत दुरुस्तीसाठी वर्षाला दोन हजार रुपयांची तरतूद मांडली गेली. सूचक तेच होते. ती मंजूर झाली, पण एका मताने. विरोधातली मते आजही कायम आहेत, आणि त्या मंडळींनी हा अंक घेतला असेल तर हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

डेडस्टॉक रजिस्टरात शेवटचा रकाना ‘शेरा’ म्हणून असतो. ‘संगणक, जुना, नादुरुस्त, नग २’ ह्या ओळीपुढे मी लाल शाईने दुरुस्ती केली आहे: ‘नग १ सडला, त्याचे भाग वापरले. नग १ चालू.’